पालथं, झोळीत की शेजारी? अडीच महिन्यांच्या बाळाच्या झोपेबद्दल

पारोळ्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलंय. पहिलंच बाळ, अडीच महिन्यांचं. त्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आल्यात, पंधरा दिवसांनी सुरतेला एका खोलीच्या घरात परत जायचंय. बाळ पाठीवर ठेवलं की दचकून उठतं, पालथं घातलं की सलग तीन-चार तास झोपतं. आई म्हणते, पालथंच राहू दे, दूध वर आलं तर नाकात जाणार नाही, माझी चारही पोरं अशीच वाढली. सासूबाई फोनवर सांगतात, झोळी बांध. नवरा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून म्हणतो, पाळणा वेगळाच पाहिजे, शेजारी घेऊन झोपायचंच नाही. त्यात डोकं मागून चपटं होतंय म्हणून कोणीतरी मोहरीची उशी सुचवली, आणि उकाडा इतका की कूलरशिवाय जमत नाही. ताई विचारतात, यातलं नक्की कोणाचं ऐकू?

मी आरोग्य सेविका म्हणून ३१ वर्षं काम केलं. सुरुवात सातपुड्यात धडगावकडे, मग जळगाव जिल्ह्यातली दोन उपकेंद्रं, आणि शेवटची सहा वर्षं आजारी नवजात बाळांच्या कक्षात. मी डॉक्टर नाही. पण झोपलेली बाळं मी डॉक्टरांपेक्षा जास्त पाहिली असतील, कारण त्यांच्याकडे बाळ रडतच येतं. आम्ही घरी जातो तेव्हा ते खाटेवर, झोळीत, सुपात, आजीच्या मांडीवर, जिथे असेल तिथे झोपलेलं सापडतं.

तुमच्या प्रश्नात मला आणखी एक प्रश्न दिसतो, आणि मी तोच आधी घेते. घरातलं शेवटचं जागं माणूस झोपी गेलं की त्या क्षणी बाळ कुठे आहे आणि कसं आहे?

आपल्या आज्यांनी बाळं झोळीत टाकली, खाटेवर घेतली, हे खरंच आहे. पण तेव्हा घरात जागं कोण होतं तेही आठवा. दुपारी ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या दोघी-तिघी असायच्या. झोळीची दोरी कोणाच्या तरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची, बोलता बोलता पाय हलायचा. बाळ कुरकुरलं की चार माना वळायच्या. तुमच्या सुरतेच्या खोलीत रात्री एक वाजता ती दोरी ओढायला कोणी नाही. नवरा बारा तासांची पाळी करून आलेला, तुम्ही दिवसभराच्या थकलेल्या, दार बंद, कूलरची घरघर. आजीची पद्धत तीच राहिली, आजीची नजर मात्र गावाकडे राहिली.

अर्थात नजर म्हणजे सगळं काही नव्हे. गुदमरणारं लहान बाळ ओरडत नाही, हातपायसुद्धा फारसे झाडत नाही. झोपेत अचानक दगावणारी काही बाळं शेजारी माणूस असतानाच गेली आहेत. म्हणून पालथं झोपवणं मी नजरेसमोरही मान्य करत नाही. झोळी मान्य करते, पण अटींवर. आता एकेक घेऊ.

पालथं घातल्यावर बाळ चार तास झोपतं याचा तुमच्या आईला आनंद आहे, मला तिथेच भीती वाटते. पालथ्या बाळाची झोप जड होते आणि त्याला सहज जाग येत नाही. नाक गादीत दबलं, श्वासाला हवा कमी पडली, तर निरोगी बाळ मान हलवतं, कण्हतं, जागं होतं. ही जाग म्हणजे त्याचा पहारेकरी. पालथ्या झोपेत तो पहारेकरीच पेंगतो. शिवाय तोंड गादीला टेकलेलं असलं की सोडलेली हवाच पुन्हा आत घेतली जाते, आणि अंगातली उष्णता चेहऱ्यावाटे बाहेर पडायची ती कोंडते. वैशाखातल्या खान्देशात हे आणखी वाईट. पाठीवर ते दचकतं म्हणता ना? हात फाकवून, मग छातीशी घेऊन दचकतं, ते या वयात सगळीच करतात. चार-पाच महिन्यांत ते आपोआप ओसरतं. आणि रात्री दोन-तीनदा दुधाला उठणं हा आजार नाही, या वयाची झोप तुकड्यातुकड्यांचीच असते.

आता दूध नाकात जाण्याची भीती. ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटली, म्हणून जरा सावकाश सांगते. आपल्या गळ्यात श्वासाची नळी पुढे असते आणि अन्नाची मागे. बाळ पाठीवर झोपलं की श्वासाची नळी वर येते, अन्नाची खाली जमिनीकडे. म्हणजे पोटातून वर आलेल्या दुधाला श्वासनळीत शिरायचं तर चढ चढावा लागेल. पालथं घातलं की नेमकं उलटं होतं, श्वासनळी उताराला येते. मी आज्यांना हे पाण्याच्या दोन नळ्या धरून दाखवायचे. चांदसरकडच्या एका आजीने नळ्या हातात घेऊन स्वतः उलटसुलट करून बघितल्या आणि मग म्हणाल्या, "मग आमले कोणी सांगं नही ना." त्यांचं बरोबर होतं. कोणी सांगितलं नव्हतं. परदेशातले डॉक्टरसुद्धा कितीतरी वर्षं बाळाला पालथं घाला असंच सांगत होते. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम निघाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या तिथे निम्म्याहून खाली आली. औषध नवीन नव्हतं, लस नवीन नव्हती, फक्त बाळ पालथ्याऐवजी पाठीवर ठेवलं.

कुशीवर ठेवणं हा मधला मार्ग वाटतो, पण नाही. या वयाचं बाळ कुशीवरून पालथं पडायला वेळ लागत नाही, आणि पाठीमागे लावलेली दुपट्याची गुंडाळी सरकून तोंडाशी येते.

"माझी चारही पोरं अशीच वाढली" याला मी कधी वाद घातला नाही. बहुतेक बाळं वाढतातच. आपण सगळे बिनकठड्याच्या विहिरींच्या गावात वाढलो, पाणी शेंदलं, काठावर खेळलो, आणि जिवंत आहोत. तरी हाती पैसा आला की माणूस आधी कठडा बांधतो.

मग पाठीवर झोपवायचं कसं? दूध झालं की खांद्यावर घेऊन दहा-पंधरा मिनिटं ढेकर काढा. ठेवताना आधी कुल्ले टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. आपण नेमकं डोकं आधी ठेवतो आणि बाळाला पडल्यासारखं वाटून ते दचकतं. ठेवल्यावर त्याचे दोन्ही हात त्याच्याच छातीवर गोळा करून वर आपला तळवा दोन-तीन मिनिटं राहू द्या. वजन नाही टाकायचं, फक्त ऊब. गुंडाळून ठेवलं की दचकणं कमी होतं हे खरं, पण या उन्हाळ्यात मी गुंडाळायला सांगणार नाही. थंडीत गुंडाळलं तरी मलमलच्या पातळ कापडात, पाय मोकळे राहतील असं, आणि बाळ कुशीला वळू पाहतंय असं दिसलं की त्या दिवसापासून बंद. पुढे ते स्वतःहून दोन्हीकडे लोळायला लागेल, साधारण चार ते सहा महिन्यांत. तेव्हाही झोपवताना पाठीवरच ठेवा, रात्री आपलं आपण पालथं झालं तर उठून सरळ करत बसायची गरज नाही. जागेपणी मात्र दिवसातून चार-पाच वेळा पालथं घालाच, सतरंजीवर किंवा तुमच्या छातीवर, समोर बसून. मान त्यानेच बळकट होते.

झोळीकडे येते. "हाऊ झोयीमाच झोपस, सिस्टर" (हा झोळीतच झोपतो), हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या निंबाला चार-चार झोळ्या लटकलेल्या असतात, त्या बायकांना मी झोळी सोडा म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मला सोडलं असतं. झोळी सोडून बाळ ठेवायचं कुठे, तापलेल्या काळ्या ढेकळांवर?

पण झोळीत बाळ कसं बसतं ते एकदा नीट बघा. पाठीला बाक येतो, डोकं पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते. बाळाची श्वासनळी मऊ आणि बारीक असते, मान अशी दुमडली की ती आणखी अरुंद होते. वरून साडीच्या दोन्ही कडा जवळ येऊन तोंडावर कापडाचा बोगदा होतो. धडगावला असताना एका पाड्यावर झोळीत वाकून बघितलं होतं. बाळ शांत होतं, आई बाहेर भाकरी थापत होती. ओठांभोवती निळसर झाक दिसली म्हणून उचललं, मान सरळ झाली तसा मोठा श्वास घेतला आणि रडायला लागलं. त्या बाळाचं जन्माचं वजन दोन किलोच्या आत होतं. आई म्हणाली, आत्ताच तर बघून गेले होते. ती खोटं बोलत नव्हती.

तेव्हापासून झोळीच्या माझ्या अटी ठरल्या. कोणीतरी जागं, आणि त्याला बाळाचं तोंड दिसतंय, नुसती झोळी दिसतेय असं नाही. दोन्ही दोऱ्यांमध्ये आडवी काठी, म्हणजे कापड उघडं राहतं. बाळ जमेल तितकं सपाट, हनुवटी आणि छाती यांत दोन बोटं जातील इतकी जागा. झोळी जमिनीपासून हातभरच वर, गाठी रोज बघायच्या. झोप लागली की उचलून सपाट जागेवर. बाळ वळायला, उठायला लागलं की झोळी कायमची काढून ठेवा, आणि ती रिकामी लटकत ठेवू नका. मोठी पोरं आत बसून गरगर फिरतात, कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याशी येतो. ज्यांचं बाळ दिवस भरायच्या आधी झालंय किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी होतं, त्यांना मी झोळी नकोच सांगते. तुम्ही वजन लिहिलं नाही. माता-बाल सुरक्षा कार्डावर असेल, बघून घ्या, पुढच्या मुद्द्यालाही ते लागणार आहे.

आता शेजारी झोपण्याचं. तुमच्या नवऱ्याने जे बघितलं ते चुकीचं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असाच आहे, की निदान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्या खोलीत, पण वेगळ्या सपाट जागेवर. मात्र यातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. बाळ त्याच खोलीत हवं, हाताच्या अंतरावर. वेगळ्या खोलीत ठेवा असं कोणी सांगत नाहीये, आणि तुमच्याकडे दुसरी खोली नाही ही या बाबतीत चांगलीच गोष्ट.

आपल्याकडे शंभरातल्या किती आया बाळाला अंगाशी घेऊन झोपतात हे मी मोजलं नाही, पण ज्या नाही म्हणतात त्यासुद्धा रात्री तीन वाजता दूध पाजता पाजता झोपतात. 'नाहीच झोपायचं' असं ठरवलं की मग त्या उठून बसून पाजतात. कुठे? दिवाणावर, सोफ्यावर, खुर्चीत. सगळ्यात घातक जागा त्याच. माझंच सांगते. माझा मोठा मुलगा दोन महिन्यांचा असताना मी रात्रीची ड्यूटी करून क्वार्टरवर आले, दिवाणावर लोडाला टेकून त्याला पाजायला घेतलं. जाग आली ती दूधवाल्याने कडी वाजवली म्हणून. मांडी रिकामी. पोरगं लोड आणि भिंत यांच्या फटीत सरकलं होतं, तोंड लोडाच्या खोळीला टेकलेलं. नशीब इतकंच की फार वेळ झाला नव्हता. ते पोरगं आज पस्तिशीच्या घरात आहे आणि ही गोष्ट त्याला मी अजून नीट सांगितलेली नाही. दुसऱ्या दिवशी दिवाण बाहेरच्या खोलीत गेला.

म्हणून माझा सल्ला दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पसंती वेगळ्या छोट्या बिछान्याला. त्याला पाळणा लागत नाही. तुमच्या अंथरुणाला लागून, हातभर अंतरावर, चौपदरी घट्ट गोधडी आणि वर ताणून बसवलेली चादर. खर्च शून्य. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांमध्येही बाळाला जवळ घेऊन झोपायची रीत आहे. तिथे ती मोडायला न लावता सपाट तळाची विणलेली टोपली काढली, तिला ते वहाकुरा म्हणतात. टोपली आई-बापाच्या बिछान्यातच, पण बाळाची जागा त्याची त्याची. आपल्या बुरुडाकडूनही रुंद, सपाट बुडाची, कड वीतभर उंच अशी टोपली विणून घेता येईल. टोके आत वळलेली हवीत, एवढं त्याला सांगा.

दुसरी पायरी, तरीही बाळ अंगाशी येणार असेल तर. बाळ फक्त अंगावर पिणारं, पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं असेल, आणि त्या अंथरुणात बिडी-सिगारेट ओढणारं, दारू प्यालेलं किंवा झोपेची गोळी, सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध घेतलेलं कोणी नसेल, तर धोका बराच कमी राहतो. शून्य होत नाही. यातली एक जरी अट बसत नसेल तर वेगळा बिछाना, इथे मी तडजोड करत नाही. बाळ आईच्या बाजूला, दोघांच्या मध्ये नाही. नवरा झोपेत हात टाकतो आणि त्याला पत्ता नसतो. मोठं भावंडही शेजारी नको. भिंतीकडची फट नको. आईने बाळाकडे तोंड करून कुशीवर, गुडघे जरा वर घेऊन झोपायचं, म्हणजे बाळ खाली सरकत नाही. उशा लांब, पदर किंवा ओढणी बाजूला, केस बांधलेले.

बिडीचं वेगळं सांगायलाच हवं. आजोबा बाहेर अंगणात ओढून येतात आणि मग नातू छातीवर घेतात. धूर बाहेर राहतो, वास आणि उरलेली घाण कपड्यात आत येते. धुराच्या घरातल्या बाळांना झोपेत दगावण्याचा धोका जास्त, हे पक्कं आहे. आजोबांना सदरा बदलून, हातपाय धुऊन मगच बाळ द्या. आणि त्या छातीवर बाळ झोपवून आजोबाही घोरायला लागले तर बाळ उचला, राग आला तर येऊ दे.

गादी कशी हवी? तळहात जोरात दाबून उचला, खड्डा राहिला तर ती बाळाची नाही. आपला कापसाचा मुलूख, लेक बाळंतपणाला आली की पिंजाऱ्याकडून नवी गुबगुबीत गादी भरून घेण्याची हौस असते. ती गादी तुमच्या पाठीला द्या. सैल पडलेली खाटही नको. बाज मधे झोळ धरते आणि बाळ उताराने आईच्या अंगाखाली येतं. जमीनच बरी, असं मी म्हणते, पण तुमचं माहेर मळ्यात असेल तर लगेच थांबते. आपल्याकडे मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच चावते, विंचू तर घरोघर. तिथे मच्छरदाणी लावा आणि तिच्या चारही कडा अंथरुणाखाली घट्ट खोचा. डासांसाठी नाही, यांच्यासाठी. छत्रीसारखी छोटी जाळी असते ना, ती दिवसा माशांसाठी ठीक. रात्री बाळाचा हात लागून ती तोंडावर कलंडते.

आता उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात ४५ अंश म्हणजे बातमीसुद्धा होत नाही. अशा दिवसांत मी बाळं टोपडं, कुंची, पायमोजे आणि वर दुपटं अशी पाहिली आहेत, कारण "बायले वारं लागी जाई" (बाळाला वारं लागेल). जन्मल्यावर पहिले काही दिवस, आणि कमी वजनाच्या बाळाला त्याहून जास्त दिवस, आम्हीच टोपडं घालायला सांगतो, त्यामुळे हा गोंधळ आमच्याच खात्यावर आहे. अडीच महिन्यांच्या चांगल्या वजनाच्या बाळाला मे महिन्यात घरात टोपडं नको. एक पातळ सुती झबलं पुरे. गरम होतंय का हे हातपायाला लावून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे आणि छातीवर हात ठेवा. घाम किंवा चटका लागला तर कपडा कमी करा. कूलर चालेल, झोत अंगावर नको, आणि कूलरची खोली पूर्ण बंद केली तर नुसता दमटपणा वाढतो, एक खिडकी किलकिली ठेवा. पंखा तर लावाच. पाणी पाजू नका, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, या दिवसांत थोडं जास्त वेळा. दिवसात सहा-सात वेळा लघवी होतेय ना, तेवढं मोजा.

माहेरी गच्चीवर झोपत असाल तर मला गच्चीची हरकत नाही, मध्यरात्री वीज गेल्यावर अर्धवट झोपेत बाळ घेऊन जिना चढण्याची आहे. ठरवायचं तर संध्याकाळीच ठरवा, कोण कुठे झोपणार. आखाजीत घर पाहुण्यांनी भरतं, एका सतरंजीवर सहा जण, बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. पुरुषांचे पत्त्यांचे डाव उशिरापर्यंत चालतात, कोण कसा येऊन कुठे आडवा होईल सांगता येत नाही. त्या रात्री बाळाचा बिछाना तुमच्या आणि तुमच्या आईच्या मध्ये, पण वेगळा, हातभर अंतर ठेवून.

थंडीत उलट काळजी. धुळ्या-जळगावची थंडी बोचरी असते, तेव्हा सैल गोधडी पांघरण्यापेक्षा अंगात एक कपडा जास्त घाला. पांघरूण घालायचंच तर काखेपर्यंत, कडा खाली दाबून, बाळाचे पाय अंथरुणाच्या खालच्या टोकाला टेकतील असं ठेवून, म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात शिरत नाही. खाटेखाली शेगडी ठेवून दार लावून घेऊ नका, त्या निखाऱ्यांच्या वायूला वास नसतो.

उरलेलं भराभर. मोहरीची उशी नको, कुठलीच उशी वर्षभर नको. डोकं चपटं होतंय तर एक दिवस डोकं अंथरुणाच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला करून झोपवा, म्हणजे उजेडाकडे मान दोन्ही बाजूंना वळते. बहुतेकांचं बसायला लागल्यावर सुधारतं. मान सतत एकाच बाजूला कलती राहात असेल तर डॉक्टरांना दाखवा. गळ्यात काळा दोरा, ताईत नको. बांधायचाच तर दंडाला किंवा कमरेला, घट्ट नाही. ओवा-शेपाची धुरी बंद खोलीत नको. झोप यावी म्हणून गुटीत जायफळ उगाळून देणं पूर्ण बंद. ते झोप आणत नाही, गुंगी आणतं, आणि किती उगाळलं याचं माप कोणाकडेच नसतं. दुकानातून सर्दीचं औषध आणून झोपवणं तर त्याहून वाईट.

बाळ निळसर पडलं, श्वास थांबून थांबून येतोय, एका मिनिटात ५० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जातेय, दूध ओढत नाही किंवा अंग सैल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर आधी १०८ लावा, मग घरच्यांना विचारा. आशाताईंचा नंबर कार्डावर असतो. माहेरी आलात तरी तिथल्या आशाताईंना कळवा, त्या येतील.

सासूबाईंशी आणि आईशी वाद घालू नका. दोघींना काम द्या. आईला सांगा, संध्याकाळी दोन तास बाळ तुझं, झोळी बांध, गाणी म्हण, पण दोरी तुझ्या हातात आणि तोंड तुझ्यासमोर. मी झोपायला आले की बाळ सपाट अंथरुणावर, पाठीवर. सासूबाईंना फोनवर सांगा, झोळी बांधलीय, दिवसाची. दोन्ही वाक्यं खरी आहेत. नवऱ्याला सांगा, पाळण्याचे पैसे वाचले, त्यात चांगली मच्छरदाणी आण, आणि खोलीतला सोफा-कम-बेड बाळाच्या वाट्याला येणार नाही.

परतीच्या प्रवासाचं एक राहिलं. अमळनेरहून सुरतेची गाडी पकडाल. गाडीत एखादी मावशी हमखास भेटेल, जी दोन बर्थच्या साखळ्यांना साडी बांधून झोळी करून देईल, आणि बाळ हलत्या गाडीत लगेच झोपेलही. नको म्हणा. ती गाठ धक्क्याला सुटते. बाळ मांडीवर आडवं, डोकं कोपरावर, तोंड उघडं, आणि तुम्हाला पेंग यायला लागली की ते नवऱ्याकडे द्या. त्याला पेंग आली की परत तुमच्याकडे. सुरतेअलीकडचं उधना येईपर्यंत दोघांपैकी एक जण जागं.